भूमिका-खेळांचा धंदा : बाळसे की सूज?

अमेरिकेच्या टपाल खात्याने २०२४ च्या ऑगस्टमध्ये एका खेळाच्या पन्नाशीनिमित्त टपाल-तिकिटे काढली. राष्ट्रपुरुष, शास्त्रज्ञ, कवी यांच्या पंगतीत हा खेळ जाऊन बसला, याचे अनेकांना नवल वाटले असेल. कारण या खेळाला मैदान लागत नाही, पट असलाच पाहिजे असे नाही आणि त्यात शेवटी कोणी जिंकत नाही की हरत नाही. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हे त्याचे नाव. चार-सहा माणसे टेबलाभोवती बसतात. त्यांतला एक सूत्रधार होतो. बाकीचे एकेक पात्र घेतात. कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. सूत्रधार प्रसंग सांगतो, आपले पात्र काय करते ते खेळाडू सांगतात आणि जेथे यशापयशाचा संशय असेल तेथे फासे टाकून निकाल लावला जातो. कथा अशी बोलता बोलता घडत जाते. तिचा शेवट सूत्रधारालाही आधी ठाऊक नसतो. गोष्ट, नाटक आणि फाशांचा डाव यांच्या मिश्रणातून निघालेल्या या प्रकाराला इंग्रजीत ‘रोल-प्लेइंग गेम’ म्हणतात. मराठीत त्याला भूमिका-खेळ म्हणावयास हरकत नाही.

या खेळाभोवती गेल्या पन्नास वर्षांत एक धंदा उभा राहिला. पुस्तके, फासे, छोटे पुतळे, नकाशे, मासिके, संमेलने, चित्रपट आणि संगणकावरील खेळ असा त्याचा पसारा आहे. या क्षेत्राची नोंद ठेवणाऱ्या ‘आयसीव्ही२’ या व्यापारी नियतकालिकाच्या अंदाजाप्रमाणे उत्तर अमेरिकेत भूमिका-खेळांची विक्री २०१३ साली दीड कोटी डॉलर होती. २०१९ साली ती आठ कोटी डॉलरवर गेली. सहा वर्षांत पाचपटीहून अधिक वाढ झालेले धंदे फार नसतील. तेव्हा या धंद्याची प्रकृती उत्तम आहे, असा निष्कर्ष कोणीही काढील. परंतु सूज म्हणजे बाळसे नव्हे, असे आपल्याकडे म्हणतात. वाढीच्या आकड्यांमागे काय आहे, ती कोणाच्या वाट्याला आली आणि ती टिकणारी आहे काय, हे पाहिल्याखेरीज प्रकृतीविषयी काही बोलणे घाईचे ठरेल. या धंद्याचा इतिहासही हेच सांगतो.

तळघरातील हजार प्रती

या खेळाचे मूळ युद्धाच्या खेळात आहे. प्रशियाच्या सैन्यात १८२४ च्या सुमारास राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने नकाशावर खेळावयाचा ‘क्रीगश्पील’ हा युद्धखेळ रूढ केला. दोन्ही पक्षांच्या हालचालींचा निवाडा करण्यासाठी त्यात एक पंच असे. पुढे एच. जी. वेल्स या इंग्रज कादंबरीकाराने १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात खेळण्यातल्या शिशाच्या सैनिकांच्या लढाईचे नियम घालून दिले. अमेरिकेतील हौशी मंडळींनी हा छंद पुढे नेला. मिनेसोटातील डेव्ह वेस्ली यांनी १९६९ मध्ये प्रत्येक खेळाडूला सैन्याऐवजी एकेका व्यक्तीची भूमिका दिली. त्यांच्याच मंडळातील डेव्ह आर्नेसन यांनी ती कल्पना किल्ल्याखालच्या भुयारांत आणि अद्भुताच्या प्रदेशात नेली. विस्कॉन्सिनमधील लेक जिनीव्हा या लहान गावी राहणाऱ्या गॅरी गायगॅक्स यांनी तिला नियमांचे रूप दिले.

गायगॅक्स हे विमा कंपनीत नोकरीस होते. १९७० साली ती नोकरी गेल्यावर त्यांनी उपजीविकेसाठी जोडे दुरुस्तीचे कामही केले. प्रकाशकांनी हा चमत्कारिक खेळ घेतला नाही, तेव्हा १९७३ मध्ये त्यांनी डॉन के या मित्राबरोबर ‘टॅक्टिकल स्टडीज रूल्स’ ही कंपनी काढली. पैसे अपुरे पडले म्हणून ब्रायन ब्लूम हे तिसरे भागीदार आले. १९७४ च्या जानेवारीत तीन पातळ पुस्तिका एका खोक्यात घालून दहा डॉलरना विक्रीस ठेवण्यात आल्या. पहिली आवृत्ती हजार प्रतींची. खोकी भरण्याचे काम घरच्या तळघरात हातानेच चाले. त्या हजार प्रती वर्षभरात खपल्या. जाहिरात जवळजवळ नव्हतीच. एकाने विकत घ्यावी, पाचांनी खेळावे आणि त्या पाचांतल्या एकाला आपणही सूत्रधार व्हावेसे वाटून त्याने नवी प्रत मागवावी, अशी ही विक्री वाढत गेली. अनेकांनी तर विकत न घेता झेरॉक्स प्रतींवरच काम भागविले. धंद्याचे बळ आणि धंद्याची अडचण ही दोन्ही पहिल्याच वर्षी अशी एकाच ठिकाणी दिसली.

यशाबरोबर तंटे आले. नव्या, सुधारलेल्या आवृत्तीच्या मानधनावरून आर्नेसन यांनी १९७९ मध्ये कंपनीवर दावा लावला. तो १९८१ मध्ये तडजोडीने मिटला. त्याच सुमारास या खेळावर दुसरे बालंट आले. मिशिगनमधील एक विद्यार्थी १९७९ साली बेपत्ता झाला, तेव्हा त्याचा संबंध या खेळाशी जोडण्यात आला. मुले या नादाने वेडी होतात, सैतानाची भक्ती करू लागतात, आत्महत्या करतात, अशी ओरड सुरू झाली. काही शाळांनी खेळाला बंदी केली. पुढे झालेल्या शास्त्रीय पाहण्यांत असा संबंध सिद्ध झाला नाही. मुले एकत्र बसून काही तरी नवे करू लागली की वडीलधाऱ्यांना त्यात धोका दिसतो, हा अनुभव अमेरिकेपुरता मर्यादित नाही. विशेष म्हणजे या ओरडीमुळे खप वाढला. निंदेनेही जाहिरात होते, हे कंपनीला कळले. परंतु हिशेब कसा ठेवावा हे मात्र कळले नाही.

कंपनी कशी बुडाली

१९८० नंतरच्या दोन-तीन वर्षांत भरभराट झालेल्या या कंपनीत १९८३ पासून नोकरकपात सुरू झाली. १९८५ मध्ये खुद्द गायगॅक्स यांच्या हातून कंपनीचे नियंत्रण गेले आणि ते लोरेन विल्यम्स यांच्याकडे आले. त्यानंतरची बारा वर्षे कंपनी बाहेरून भरलेली दिसत होती. पुस्तके एकामागून एक निघत होती. वाळवंटी जग, भुताखेतांचे जग, ग्रहमालेतले जग, अशी निरनिराळी कल्पित विश्वे तयार झाली आणि प्रत्येकासाठी वेगळ्या पुस्तकांची माळ सुरू झाली. त्यामुळे जो ग्राहक पूर्वी कंपनीचे प्रत्येक पुस्तक घेई तो आता एकाच विश्वाचा झाला. ग्राहक तेवढेच राहिले. दुकानांची फळी मात्र लांबत गेली.

त्याहून मोठे संकट वितरणात होते. पुस्तकांच्या दुकानांपर्यंत माल नेण्याचे काम ‘रॅन्डम हाऊस’ या मोठ्या प्रकाशनसंस्थेकडे होते. माल पाठविला की पैसे हाती पडत. न खपलेला माल मात्र नंतर परत येई आणि त्याचे पैसे फेडावे लागत. रोकड कमी पडली की आणखी पुस्तके छापावी आणि पाठवावी, हा मोह अनावर होणे साहजिकच होते. आज छापलेल्या पुस्तकाने कालच्या पुस्तकाचे देणे भागवावयाचे, हा व्यवहार कोणत्याही प्रकाशकाला ठाऊक असतो आणि त्याचा शेवटही ठाऊक असतो. १९९६ च्या अखेरीस परतीचा माल आला, छापखान्याचे देणे थकले आणि छपाई थांबली. तीन कोटी डॉलरहून अधिक कर्ज डोक्यावर असलेली ही कंपनी १९९७ मध्ये ‘विझर्ड्‌स ऑफ द कोस्ट’ने विकत घेतली. या घेणाऱ्या कंपनीकडे पैसा आला होता तो पत्त्यांच्या खेळातून. रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाने तयार केलेला ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा खेळ तिने १९९३ मध्ये बाजारात आणला होता. १९९९ मध्ये हॅस्ब्रो या खेळण्यांच्या बड्या कंपनीने सुमारे साडेबत्तीस कोटी डॉलर मोजून विझर्ड्‌सलाच आपल्या पोटात घेतले. जोडे दुरुस्त करणाऱ्या माणसाचा खेळ पंचवीस वर्षांत भागबाजारातील कंपनीच्या ताळेबंदात जाऊन पोचला.

या पडझडीतील एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. कंपनी बुडाली तेव्हा खेळणारे खेळतच होते. नवी पुस्तके निघणे थांबले म्हणून कोणाचा डाव मोडला नाही. जुन्या पुस्तकावर आणि स्वतःच्या कल्पनेवर त्यांचे काम चालू होते. खेळाची प्रकृती आणि धंद्याची प्रकृती या निराळ्या आहेत, याचा याहून स्पष्ट पुरावा मिळणार नाही.

ज्याला ग्राहक लागत नाही असा माल

या धंद्याचे सारे रोग या एका गोष्टीतून निघतात. वर्तमानपत्र रोज शिळे होते, साबण झिजतो, चित्रपटाचे तिकीट एकदाच चालते. भूमिका-खेळाचे पुस्तक मात्र एकदा घेतले की वीस वर्षे पुरते. त्यातही ते पाच-सहा जणांत एकाने घेतले तरी चालते. विझर्ड्‌सच्या तत्कालीन प्रमुख सिंथिया विल्यम्स यांनी २०२२ च्या डिसेंबरमध्ये गुंतवणूकदारांपुढे हेच दुखणे मांडले होते. सूत्रधार हे खेळणाऱ्यांत सुमारे वीस टक्केच. पण खर्चाचा सर्वांत मोठा वाटा त्यांचाच. बाकीचे ऐंशी टक्के खेळतात, आनंद घेतात आणि फारसे काही विकत घेत नाहीत. या खेळातून मिळावयास हवा तेवढा पैसा काढला जात नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

गुंतवणूकदाराच्या दृष्टीने हे म्हणणे बरोबर आहे. खेळणाऱ्याच्या दृष्टीने मात्र पैसे न काढले जाणे हाच या खेळाचा गुण आहे. गरीब विद्यार्थ्याला तो परवडतो. शाळेतल्या शिक्षकाला तो वर्गात नेता येतो. अमेरिकेतील ग्रंथालयांत आणि शाळांत तो खेळविला जातो तो याच कारणाने. बुजऱ्या मुलाला दुसऱ्याच्या तोंडून बोलावयाची संधी मिळते. हिशेब, वाचन आणि वाटाघाट यांचा सराव होतो. मुख्य म्हणजे तीन तास समोरच्याचे ऐकून घ्यावे लागते. असा खेळ स्वस्त असावा, ही समाजाची गरज आणि तो महाग व्हावा, ही कंपनीची गरज. या दोहोंचा मेळ घालण्याचा प्रश्न पन्नास वर्षे सुटलेला नाही.

तो सोडविण्याचा सर्वांत धाडसी प्रयत्न २००० साली झाला. खेळाची तिसरी आवृत्ती काढताना विझर्ड्‌सचे रायन डॅन्सी यांनी ‘ओपन गेम लायसन्स’ हा खुला परवाना पुढे आणला. खेळाचे मूळ नियम कोणीही वापरावे, त्यावर आपली पुस्तके लिहावी, विकावी. मूळ कंपनीला काही देणे लागणार नाही. अमेरिकन कायद्याप्रमाणे खेळाची पद्धती ही कोणाची मालमत्ता होत नाही. तिचे शब्दरूप तेवढे कॉपीराइटखाली येते. पण कोर्टात ही सीमारेषा शोधीत बसण्याइतका पैसा लहान प्रकाशकाकडे नसतो. परवान्याने त्याला निर्धास्त केले. डॅन्सी यांचा हिशेब असा की साहसकथांची छोटी पुस्तके इतरांनी काढावी. त्यांत मोठ्या कंपनीला फायदा नाहीच. ती वापरण्यासाठी मूळ नियमपुस्तक मात्र सर्वांना घ्यावे लागेल.

हिशेब काही काळ खरा ठरला. शेकडो लहान प्रकाशक उभे राहिले. पुढे बाजारात सुमार पुस्तकांचा पूर आला. २००३ मध्ये नियमांची सुधारित आवृत्ती निघताच दुकानांतला जुना माल एका रात्रीत रद्दी ठरला आणि कित्येक जण बुडाले. २००८ मध्ये चौथी आवृत्ती काढताना कंपनीने खुला परवाना बाजूला ठेवला. तेव्हा ‘पायझो’ या प्रकाशनसंस्थेने २००९ मध्ये तिसऱ्या आवृत्तीच्याच नियमांवर ‘पाथफाइन्डर’ हा खेळ काढला आणि काही काळ विक्रीत मूळ खेळालाही मागे टाकले. एकदा मोकळे सोडलेले पाणी परत कोंडता येत नाही, हा धडा त्या वेळी मिळाला होता. तो पंधरा वर्षांत विसरला गेला.

दुसरी भरती

२०१४ साली पाचवी आवृत्ती आली. नियम सोपे झाले होते आणि प्राथमिक भाग फुकट दिला जात होता. पण पुढची भरती केवळ नियमांमुळे आली नाही. २०१५ च्या मार्चमध्ये लॉस एंजेलिसमधील काही आवाज-कलावंतांनी आपला घरगुती डाव ‘क्रिटिकल रोल’ या नावाने इंटरनेटवर थेट दाखविण्यास सुरुवात केली. इतरांचा डाव तासन्‌तास पाहण्यासाठी लोक जमतील, असे कोणाला वाटले नसेल. ते लाखांनी जमले. २०१९ मध्ये या मंडळींनी व्यंगपटासाठी साडेसात लाख डॉलर लोकवर्गणी मागितली आणि सुमारे अठ्ठ्याऐंशी हजार लोकांनी त्यांना १ कोटी १३ लाख डॉलर दिले. २०१६ मधील ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या दूरचित्रमालिकेने हा खेळ घरोघर माहीत करून दिला. २०२० च्या साथीत घरी अडकलेली मित्रमंडळी संगणकाच्या पडद्यावर जमून खेळू लागली. १९६८ मध्ये लेक जिनीव्हात मूठभर हौशी लोकांनी सुरू केलेल्या ‘जेन कॉन’ या संमेलनाला, जे आता इंडियानापोलिस येथे भरते, २०२४ मध्ये सत्तर हजारांहून अधिक लोक आले.

लहान प्रकाशकांनाही या भरतीत नवा मार्ग सापडला. आधी पैसे गोळा करावयाचे आणि मग पुस्तक छापावयाचे, ही लोकवर्गणीची पद्धत ‘किकस्टार्टर’ने २००९ पासून रूढ केली. २०२१ मध्ये ‘अवतार लेजेन्ड्‌स’ या खेळाला पंचाण्णव लाख डॉलर मिळाले. २०२४ मध्ये ब्रँडन सँडरसन यांच्या कादंबऱ्यांवरील खेळाला दीड कोटीहून अधिक मिळाले. परतीच्या मालाने बुडालेल्या कंपनीची कथा आठवली म्हणजे या पद्धतीचे महत्त्व कळते. येथे किती प्रती खपणार हे आधीच ठाऊक असते. मात्र येथेही खड्डे आहेत. ‘कॉल ऑफ कथुलू’ हा नामांकित खेळ काढणाऱ्या ‘केऑसियम’ने २०१३ मध्ये सातव्या आवृत्तीसाठी साडेपाच लाख डॉलरहून अधिक गोळा केले. परंतु देणगीदारांना कबूल केलेल्या वस्तू आणि त्यांचा टपालखर्च यांनीच कंपनीचे कंबरडे मोडले. २०१५ मध्ये संस्थापक ग्रेग स्टॅफर्ड यांना परत येऊन तिला सावरावे लागले. आगाऊ पैसा हा नफा नसून देणे आहे, हे विसरले की असे होते.

परवान्याचा तंटा

२०२२ मध्ये हॅस्ब्रोने ‘डी अँड डी बियॉन्ड’ हे खेळाचे संगणकीय साधन १४ कोटी ६३ लाख डॉलरना घेतले. पुस्तक एकदाच खपते. दरमहा वर्गणी मात्र चालू राहते. त्याच वर्षी पत्त्यांच्या ‘मॅजिक’ची वार्षिक विक्री शंभर कोटी डॉलरच्या वर गेली होती. एका घरात असा कमावता भाऊ असला म्हणजे दुसऱ्याकडून अपेक्षा वाढतात. २०२३ च्या जानेवारीत नव्या परवान्याचा मसुदा बाहेर फुटला. जुना परवाना रद्द करावयाचा आणि साडेसात लाख डॉलरवरच्या विक्रीवर पंचवीस टक्क्यांपर्यंत स्वामित्वशुल्क घ्यावयाचे, असा त्याचा मथितार्थ होता. नफ्यावर नव्हे, विक्रीवर. पुस्तकांच्या धंद्यात विक्रीचे पंचवीस टक्के काढून दिल्यावर प्रकाशकाच्या हाती काय उरते, हे वेगळे सांगावयास नको.

या वेळी जे घडले ते धंद्याच्या इतिहासात विरळा आहे. खेळणाऱ्यांनी वर्गण्या बंद केल्या. प्रतिस्पर्धी प्रकाशकांनी स्वतंत्र खुला परवाना तयार करण्याचे जाहीर केले. कंपनीने मते मागविली, तेव्हा पंधरा हजारांहून अधिक उत्तरे आली आणि त्यांतली बहुसंख्य विरोधी होती. २७ जानेवारीला कंपनीने माघार घेतली. एवढेच नव्हे, तर मूळ नियमांचा गाभा ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ या सार्वजनिक परवान्याखाली कायमचा खुला केला. तो आता कोणालाही मागे घेता येणार नाही. ज्यांनी विकत काहीच घेतले नाही म्हणून तक्रार होती त्या ऐंशी टक्क्यांनीच ही लढाई जिंकून दिली, असे म्हणावे लागेल.

हा विजय खरा. पण त्याने धंदा निरोगी झाला असे नव्हे. २०२३ हे या खेळाच्या नावलौकिकाचे वर्ष होते. मार्चमध्ये मोठा चित्रपट आला. ऑगस्टमध्ये बेल्जियममधील लॅरियन कंपनीचा ‘बॉल्डर्स गेट ३’ हा संगणकखेळ निघाला आणि जगभर गाजला. त्याच वर्षी नाताळच्या तोंडावर हॅस्ब्रोने अकराशे लोकांना कमी करण्याचे जाहीर केले आणि त्यांत या खेळावर काम करणारेही होते. तोटा खेळण्यांच्या विभागात होता. कुऱ्हाड सगळ्यांवर पडली. मोठ्या कंपनीच्या छायेत असण्याचे हे मोल आहे. त्रिमितीय चित्रांच्या आभासी टेबलावर कंपनीने काही वर्षे खर्च केला. २०२५ च्या फेब्रुवारीत ते बाहेर आले आणि मार्चमध्ये त्यावर काम करणाऱ्या बहुतेकांना घरी पाठविण्यात आले. त्याच वर्षी पाचव्या आवृत्तीच्या घडणीतील दोन प्रमुख लेखक, जेरेमी क्रॉफर्ड आणि ख्रिस पर्किन्स, कंपनी सोडून ‘क्रिटिकल रोल’च्या प्रकाशनसंस्थेत गेले.

लिहिणाऱ्याचे काय?

धंद्याच्या प्रकृतीची खरी परीक्षा त्यात राबणाऱ्यांच्या पानात काय पडते यावर व्हावयास हवी. ही पुस्तके बहुतांशी नोकरदार लेखक लिहीत नाहीत. बाहेरचे लेखक शब्दांच्या मोलाने लिहितात. शब्दामागे काही सेंट, असा हा दर असतो. पाच सेंट धरले तर पन्नास हजार शब्दांच्या पुस्तकाचे अडीच हजार डॉलर होतात. अमेरिकेत एवढ्यावर दोन महिनेही निभाव लागणे कठीण. आवडीचे काम आहे म्हणून कमी पैशात करा, हा युक्तिवाद कलेच्या प्रत्येक क्षेत्रात ऐकू येतो; हौशी रंगभूमीवर काम केलेल्यांना तो नवा नाही. पायझोच्या कर्मचाऱ्यांनी २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये संघटना स्थापन केली आणि मालकांनी तिला आठवड्याभरात मान्यता दिली. या धंद्यातील ती पहिली कामगार संघटना. धंदा सुरू झाल्यापासून सत्तेचाळीस वर्षांनी ती व्हावी, यावरूनच आवडीच्या नावाखाली किती काळ गप्प राहिले जाते, याची कल्पना येते. यंत्राने चित्रे आणि मजकूर तयार करण्याचा प्रश्न आता त्यात भरीला आला आहे. असा मजकूर स्वीकारणार नाही, असे पायझोने २०२३ मध्ये जाहीर केले आणि विझर्ड्‌सनेही आपल्या चित्रकारांवर तसे बंधन घातले. लेखक आणि चित्रकार हीच या धंद्याची यंत्रसामग्री आहे. ती जपली नाही तर उद्या विकावयास काय उरणार?

विक्रेत्याचीही स्थिती नाजूक आहे. २०२५ च्या जानेवारीत ‘डायमन्ड’ या मोठ्या वितरक कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि खेळांचे वितरण करणारी तिची ‘अलायन्स’ ही शाखा दुसऱ्याच्या हाती गेली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेने चिनी मालावरील जकात १४५ टक्क्यांपर्यंत नेली. मे महिन्यात ती बरीच खाली आणली. फासे, पुतळे आणि खोकी चीनमध्ये तयार होतात. ज्यांनी लोकवर्गणीच्या वेळी किंमत ठरविली होती त्यांना माल बंदरात येईपर्यंत जकात किती असेल हेच कळेनासे झाले. मोठी कंपनी असे धक्के सोसते. दोन-चार माणसांची संस्था एका जहाजाच्या मालात बुडू शकते.

एका झाडाची सावली

मग या धंद्याला बाळसे आहे की सूज? अमेरिकेपुरते पाहिले तर वाढीचा बराच भाग एका खेळाचा आणि एका मालकाचा आहे. तो खेळ चालला की सगळे चालतात. त्याची आवृत्ती बदलली की सगळे खोळंबतात. मोठ्या झाडाच्या सावलीत रोपे वाढतात खरी, पण ती सावलीपुरतीच. इतर देशांकडे पाहिले म्हणजे दुसरे चित्र दिसते. जर्मनीत १९८४ पासून ‘डास श्वार्त्झे आउगे’ हा त्यांचा स्वतःचा खेळ आहे. स्वीडनमध्ये १९८२ पासून स्वीडिश भाषेत हे खेळ निघत आले आणि तेथील ‘फ्री लीग’सारखी संस्था आज जगभर पुस्तके विकते. जपानमध्ये ‘ग्रूप एसएनई’ने १९८९ मध्ये ‘स्वोर्ड वर्ल्ड’ काढला. तो स्वस्त, खिशात मावणाऱ्या पुस्तकात काढला आणि झालेल्या डावांची संभाषणे छापून वाचावयास देण्याची प्रथा तेथे रुजली. ज्या देशांनी हा खेळ आपल्या भाषेत आणि आपल्या खिशाला परवडेल अशा रूपात आणला तेथे त्याची मुळे खोल गेली. जेथे तो केवळ आयात झाला तेथे तो महागड्या इंग्रजी पुस्तकांपुरता राहिला. एका नियमपुस्तकाची किंमत पन्नास डॉलर, म्हणजे चार हजार रुपयांच्या वर जाते. आपल्याकडील विद्यार्थ्याला ती पेलणारी नाही.

या संदर्भात २०२३ च्या माघारीचे महत्त्व अमेरिकेबाहेरच अधिक आहे. खुला झालेला नियमांचा गाभा कंपनीने नंतर फ्रेंच, जर्मन, इटालियन आणि स्पॅनिश भाषांतही दिला. मराठीत तो आणावयाचा झाला तर कोणाच्या दारी परवानगी मागावी लागणार नाही, की शुल्क भरावे लागणार नाही. मूळ कोणाचे ते नमूद केले म्हणजे झाले. एखाद्या शाळेतील शिक्षकाने, एखाद्या महाविद्यालयातील नाट्यमंडळाने मनावर घेतले तर एका सुट्टीत हे काम होण्यासारखे आहे. युरोपातल्या भुयारांऐवजी त्यात सह्याद्रीतले किल्ले आणि घाट येतील की आणखी काही, हे खेळणाऱ्यांनी ठरवावे.

कंपन्यांचे भवितव्य काय ते भागबाजार ठरवील. पन्नास वर्षांत या धंद्याने एक कंपनी बुडताना, दुसरी गिळली जाताना आणि तिसरी माघार घेताना पाहिली. या प्रत्येक वेळी टेबलाभोवतीची माणसे होती तेथेच होती. धंद्याला निरोगी राहावयाचे असेल तर त्याने या माणसांकडून किती काढता येईल हा हिशेब सोडून, त्यांच्यासाठी लिहिणाऱ्याला पुरेसे कसे देता येईल हा हिशेब मांडला पाहिजे. तो मांडणारे आज लहान प्रकाशकांत अधिक सापडतात. त्यांची संख्या टिकली आणि वाढली, तरच आकड्यांत दिसणाऱ्या वाढीला बाळसे म्हणता येईल.